ऐतिहासिक कादंबरीकाराला दाद देणारे पत्र: पुस्तक पुन्हा उघडण्यापासून टपालपेटीपर्यंत

ऐतिहासिक कादंबरी वाचून भारावलेला वाचक लेखकाला पत्र लिहायला बसतो आणि दोन पाने भरून महाराजांचे, पेशव्यांचे किंवा एखाद्या सरदाराचे गुणगान करतो. शेवटी "आपल्या लेखणीला त्रिवार वंदन" असे एक वाक्य येते आणि पत्र संपते. दादरच्या आमच्या वाचक मंडळात असे मसुदे वारंवार पाहायला मिळतात. भावना खरी असते, अक्षर सुवाच्य असते, आणि तरीही ज्याला पत्र लिहिले त्या लेखकाच्या कामाविषयी त्यात एक ओळही नसते. पराक्रम इतिहासातील माणसांनी केला. तो आपल्या डोळ्यांसमोर उभा करण्याचे काम लेखकाने केले. दाद त्या कामाला द्यायची आहे. पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत, कारण मसुद्यात दिसणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ त्याआधी न केलेल्या तयारीत असते.

टप्पा १: इतिहासाने काय दिले आणि लेखकाने काय घडवले, हे वेगळे करावे

एका कोऱ्या कागदावर मधोमध उभी रेघ मारावी. डावीकडे कादंबरीतील इतिहासाने दिलेल्या गोष्टी लिहाव्यात आणि उजवीकडे लेखकाने स्वतः घडवलेल्या गोष्टी लिहाव्यात. हे काम पत्र लिहिण्याच्या आधी करायचे आहे आणि ते टाळून चालत नाही.

उदाहरणासाठी समजा, कादंबरी वसईच्या मोहिमेवर आहे. चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली पडलेला वेढा, किल्ल्याच्या बुरुजांखाली लावलेले सुरुंग, पोर्तुगिजांची शरणागती आणि मे १७३९ मध्ये मराठ्यांच्या ताब्यात आलेली वसई या सर्व गोष्टी डावीकडे जातात. त्या कोणत्याही लेखकाला मिळाल्या असत्या. सुरुंग खणणाऱ्या एका बेलदाराला लेखकाने नाव दिले, त्याला मुलगा दिला, त्याच्या शिदोरीत काय होते ते दाखवले आणि बुरूज उडण्याचा सगळा प्रसंग सेनापतीच्या नजरेतून न सांगता या बेलदाराच्या नजरेतून सांगितला, तर ते सगळे उजवीकडे जाते.

उजवी बाजू भरताना वाचक हमखास अडतात, म्हणून तिथे काय शोधायचे ते सविस्तर सांगतो. प्रसंग कोणाच्या नजरेतून दिसतो, हा पहिला प्रश्न विचारावा. कादंबरी कोठे सुरू होते आणि कोठे थांबते, हा दुसरा. संवाद तर जवळजवळ नेहमीच लेखकाचे असतात, कारण तंबूत दोन माणसे काय बोलली हे टिपून ठेवणारे क्वचितच कोणी असते. त्या संवादांची भाषा जुनी ठेवली आहे की आजची, आणि सरदार, कुणबी, फिरंगी यांच्या बोलण्यात फरक केला आहे की नाही, हे पाहावे. साधनांमध्ये मतभेद असतात तिथे लेखकाने कोणती बाजू स्वीकारली, हेही त्याचेच काम असते. शिवाजी महाराजांच्या जन्मासाठी शके १५४९ ची वैशाख शुद्ध द्वितीया आणि शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया अशा दोन तिथी मांडल्या गेल्या. अशा ठिकाणी कादंबरीकाराला निवड करावीच लागते. सर्वांत मोलाची जागा मात्र कागदपत्रे गप्प बसतात ती. पत्रव्यवहारात स्त्रिया, सेवक, कारागीर आणि सामान्य शिपाई यांच्याविषयी फार थोडे सापडते. ती पोकळी लेखकाने कशी भरली, हे नीट पाहिले तर उजवी बाजू आपोआप भरू लागते. जे गाळले तेही विसरू नये. एखादी प्रसिद्ध लढाई केवळ दोन ओळींत उरकून लेखक दुसऱ्या दिवशीच्या छावणीत गेला असेल, तर तो निर्णय विचारपूर्वक घेतलेला असण्याची शक्यता मोठी असते.

*तपासणी:* उजव्या बाजूला किमान पाच नोंदी झाल्या नसतील तर पत्र अजून लिहू नये. कादंबरी आवडलेली असते, पण आपल्याला नेमके काय आवडले ते अजून हाती आलेले नसते.

टप्पा २: पुस्तक पुन्हा उघडावे आणि टिपणे काढावीत

वाचन संपल्याच्या रात्रीच पत्र लिहू नये. आठवडाभर थांबावे, आणि त्या आठवड्यात लोकलमध्ये, स्वयंपाक करताना किंवा कामाच्या मधल्या सुट्टीत कादंबरीतील कोणते प्रसंग न बोलावता आठवतात, ते कागदाच्या कोपऱ्यावर लिहून ठेवावेत. बहुधा आठवतात ते प्रसंग लढाईचे नसतात.

त्यानंतर पुस्तक हाती घेऊन ते प्रसंग शोधावेत आणि प्रत्येक नोंदीसमोर प्रकरण, पृष्ठक्रमांक आणि आवृत्ती लिहावी. आवृत्ती शीर्षकपानाच्या मागच्या पानावर छापलेली असते. अनेक वाचक फक्त पृष्ठक्रमांक देतात; लेखकाजवळ मात्र वेगळ्या आवृत्तीची प्रत असते आणि त्या पानावर भलताच प्रसंग असतो. म्हणून प्रकरणाचे नाव किंवा क्रमांक सोबत द्यावा. जी दोन-तीन वाक्ये उद्धृत करायची असतील ती पुस्तकात पाहूनच उतरवावीत. आठवणीतून लिहिलेले वाक्य जवळजवळ नेहमी बदललेले असते, आणि स्वतःचे वाक्य चुकीचे उद्धृत झालेले लेखकाला पहिल्या नजरेत कळते.

पुस्तक वाचनालयाचे असल्यास पेन्सिलनेसुद्धा खुणा करू नयेत. कागदाच्या चिठ्ठ्या घालाव्यात आणि परत करताना त्या काढून घ्याव्यात.

लेखकाचे मनोगत, ऋणनिर्देश आणि संदर्भसूची ही पाने याच वेळी वाचावीत. वाचक ती हटकून सोडतात आणि मग पत्रात नेमका तोच प्रश्न विचारतात, ज्याचे उत्तर मनोगतात दिलेले असते. कल्पित पात्रे कोणती, हे काही लेखक तिथेच स्पष्ट सांगतात. तसे सांगितले असेल तर पहिल्या टप्प्यातील कागद त्यानुसार दुरुस्त करून घ्यावा.

शेवटी सर्व नोंदींमधून तीन निवडाव्यात, आणि त्या तिघांतून एक. पत्र त्या एका प्रसंगाभोवती उभे राहील, उरलेले दोन आधाराला येतील. बाकीच्या नोंदी कितीही आवडत्या असल्या तरी बाजूला ठेवाव्यात.

टप्पा ३: शंका असेल तिथे आधी पडताळणी करावी

दाद देणाऱ्या पत्रात चूक दाखवण्याचा मोह अनेकांना होतो. आपण बारकाईने वाचले, हे त्यातून सिद्ध होईल असे वाटते. चूक खरी असेल तर ती कळवणे योग्यच आहे, परंतु ऐतिहासिक कादंबरीतील तारखांबाबत वाचकाने काढलेली चूक पुष्कळदा वाचकाचीच निघते. तीन ठिकाणी विशेष सावध राहावे.

पहिले ठिकाण शके आणि इसवी सनाचे. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, एवढेच अनेकांना ठाऊक असते. हा नियम गुढीपाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंतच चालतो. १ जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंत ७९ मिळवावे लागतात. शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेला म्हणूनच १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख येते. ७८ मिळवणारा वाचक १६२९ काढतो आणि लेखकाने एक वर्ष पुढचे लिहिले, असे पत्रात कळवतो. पानिपतचेही तसेच आहे: शके १६८२ ची पौष शुद्ध अष्टमी म्हणजे १४ जानेवारी १७६१.

दुसरे ठिकाण ज्युलियन (जुन्या) आणि ग्रेगोरियन (नव्या) दिनगणनेचे. इंग्रजांनी ग्रेगोरियन दिनगणना १७५२ मध्ये स्वीकारली, पोर्तुगिजांनी मात्र ती १५८२ पासूनच वापरली. त्यामुळे १७३९ मध्ये मुंबईतील इंग्रजांच्या कागदावरची तारीख आणि खाडीपलीकडे वसईतील पोर्तुगिजांच्या कागदावरची तारीख यांत एकाच दिवसासाठी ११ दिवसांचे अंतर पडत असे. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही परिचित तारीख जुन्या दिनगणनेची आहे. नव्या दिनगणनेने तो दिवस १६ जूनला येतो. लेखकाने यांपैकी कोणतीही पद्धत वापरलेली असू शकते, आणि ती कोणती हे बहुधा मनोगतात नोंदवलेले असते.

तिसरे ठिकाण बखरींचे. आपण शाळेत शिकलेला प्रसंग कादंबरीत नसेल किंवा वेगळ्या प्रकारे आला असेल, तर तो बखरीतून आलेला आहे का, ते पाहावे. बखरी पुष्कळदा घटनेनंतर बऱ्याच काळाने लिहिल्या गेल्या. सभासदाची बखरसुद्धा शिवाजी महाराजांच्या निधनानंतर, राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत जिंजीला लिहिली गेली. लेखकाने बखरीऐवजी समकालीन पत्राचा आधार घेतला असेल तर ती चूक ठरत नाही.

पडताळणीसाठी मुंबईत साधने जवळ आहेत. दादर पूर्वेला नायगावात मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, फोर्टात टाऊन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे. पेशवाईसाठी गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेले पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड पाहावेत. त्यांतील आपल्या विषयाचा खंड मागून घेतला की शंकेचे निरसन अनेकदा एका बैठकीत होते. जाण्यापूर्वी त्या त्या संस्थेची वेळ आणि सभासदत्वाचे नियम फोनवरून विचारून घ्यावेत.

*इशारा:* पडताळणीनंतरही चूक खरी निघाली तर ती दादेच्या पत्रात मिसळू नये. पृष्ठ, ओळ, दुरुस्ती आणि आधार अशा चार गोष्टींची वेगळी चिठ्ठी करून ती "पुढील आवृत्तीसाठी" म्हणून प्रकाशकाकडे पाठवावी. मुद्रणदोषांची यादी तर लेखकाला कधीच पाठवू नये.

टप्पा ४: मसुदा

एका पानात, फार तर दीड पानात मावेल असा मसुदा करावा. क्रम असा ठेवावा: अभिवादन, स्वतःविषयी एक वाक्य, निवडलेला मुख्य प्रसंग, आधाराचे दोन प्रसंग, हवा असल्यास एक प्रश्न, आणि समारोप.

अभिवादनात "आदरणीय" नंतर लेखकाचे नाव पुस्तकावर छापले आहे तसेच लिहावे आणि "सादर नमस्कार" म्हणून पत्र सुरू करावे. नावाच्या जागी केवळ आद्याक्षरे छापलेली असतील तर लेखक पुरुष की स्त्री, हे मलपृष्ठावरील परिचयातून पाहून घ्यावे. लेखिकेला "सर" म्हणून लिहिलेली पत्रे जातात, हे खेदजनक आहे. ओळख नसताना "काका" किंवा "ताई" असे नाते जोडू नये. संपूर्ण पत्रात "आपण" ठेवावे. मध्येच "तुम्ही" आल्यास वाचताना खटकते.

स्वतःविषयीच्या वाक्याचा कादंबरीशी संबंध असावा. "मी वसईला वाढले, किल्ल्यातील पडक्या चर्चच्या भिंतींजवळ आमची शाळेची सहल दर वर्षी जात असे" हे वाक्य लेखकाला सांगते की त्याची कादंबरी कोणत्या डोळ्यांनी वाचली गेली. शिक्षण, हुद्दा, मिळालेले पुरस्कार आणि आजवर वाचलेल्या पुस्तकांची यादी यांची इथे गरज नसते.

आता मुख्य परिच्छेद. सर्वाधिक वेळ इथे द्यावा. पुढील मजकूर मसुद्यांमध्ये नेहमी दिसतो तसा आहे:

"आपली कादंबरी वाचून अंगावर काटा आला. मराठ्यांचा जाज्वल्य इतिहास आपण जिवंत केलात. चिमाजी अप्पांच्या शौर्याला तोड नाही. आजच्या पिढीने हे वाचायलाच हवे."

यातील पहिली दोन वाक्ये कोणत्याही लेखकाला, कोणत्याही पुस्तकाबद्दल पाठवता येतील. तिसरे वाक्य चिमाजी अप्पांना उद्देशून आहे आणि चौथे तरुण पिढीला. लेखकासाठी इथे काहीही उरलेले नाही. आता त्याच काल्पनिक कादंबरीबद्दल, पहिल्या टप्प्यातील उजव्या बाजूवरून लिहिलेला परिच्छेद पाहावा:

"अकराव्या प्रकरणात, पृष्ठ २१४ वर, सुरुंगाच्या तोंडाशी बसलेला बेलदार भाकरी अर्धी मोडतो आणि उरलेली अर्धी फडक्यात बांधून ठेवतो. वेढा लांबणार आहे, असे त्याला कोणी सांगितलेले नाही आणि आपणही ते वाचकाला सांगत नाही. मला मात्र ते त्या फडक्याच्या गाठीवरून कळले. पुढे बुरूज उडतो आणि सगळी छावणी वर पाहते, तेव्हा मी ते फडके शोधत होते. तीन प्रकरणांनंतर ते त्याच्या मुलाच्या कमरेला बांधलेले दिसले, आणि तिथे मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवले."

या परिच्छेदात एकही विशेषण स्तुतीचे नाही. जागा नेमकी सांगितली आहे, लेखकाने काय सांगायचे टाळले ते ओळखले आहे, दोन दूरच्या प्रसंगांतील दुवा वाचकाच्या लक्षात आल्याचे कळवले आहे आणि त्याचा आपल्यावर काय परिणाम झाला ते एका कृतीतून सांगितले आहे. लेखकाने ते फडके तीन प्रकरणे जपून ठेवले होते. ते कोणाला तरी दिसले, ही बातमी त्याला हवी असते. "अप्रतिम", "अद्वितीय", "शब्दातीत" हे शब्द मसुद्यात आले असतील तर प्रत्येकाखाली रेघ मारावी आणि त्या जागी आपण काय पाहिले, ऐकले किंवा काय केले, ते लिहून पाहावे. बहुतेक वेळा विशेषण गळून पडते आणि वाक्य सुधारते.

आधाराच्या दोन प्रसंगांना प्रत्येकी दोन-तीन ओळी पुरेत. त्यांपैकी एक प्रसंग भाषेविषयीचा निवडावा, असे मी आग्रहाने सुचवतो. ऐतिहासिक कादंबरीत फारसी-मराठी मिश्र दरबारी भाषा, गावाकडची बोली आणि आजच्या वाचकाला समजेल असे निवेदन यांचा तोल सांभाळण्यात लेखकाचे अतोनात कष्ट जातात, आणि त्यांचा उल्लेख वाचकांच्या पत्रांत जवळजवळ कधीच सापडत नाही.

प्रश्न विचारायचा असल्यास एकच विचारावा आणि तो दोन ओळींत उत्तर देता येईल असा असावा. "बेलदाराच्या तोंडची बोली आपण कोणत्या भागातून घेतलीत?" हा चांगला प्रश्न आहे. "आपल्याला लेखनाची प्रेरणा कशी मिळाली?" या प्रश्नाला उत्तर द्यायला लेखकाला स्वतंत्र लेख लिहावा लागेल.

समारोपात "कळावे, लोभ असावा" आणि आपले पूर्ण नाव पुरेसे आहे.

*तपासणी:* मसुद्यातील ऐतिहासिक व्यक्तींची सर्व नावे झाकून पत्र पुन्हा वाचावे. झाकल्यावरही लेखकाच्या कामाविषयी सांगण्यासारखे काही शिल्लक राहत असेल तर मसुदा जमला. राहत नसेल तर पहिल्या टप्प्यातील कागद पुन्हा समोर घ्यावा.

टप्पा ५: काय काढून टाकावे

मसुदा तयार झाल्यावर दुसऱ्या दिवशी तो पुढील गोष्टींसाठी वाचावा.

दुसऱ्या लेखकाशी तुलना काढावी, मग ती पत्र ज्याला लिहिले त्याच्या बाजूने का असेना. "अमुक लेखकापेक्षा आपण सरस आहात" असे वाचून कोणत्याही समंजस लेखकाला अवघडल्यासारखेच होते.

आजचे राजकारण, जात आणि कोणत्या समाजाने कोणावर अन्याय केला याची चर्चा काढावी. ऐतिहासिक कादंबरीच्या लेखकाकडे अशी पत्रे खूप येतात, आणि त्यांत आपल्या दादेची भर पडली की तीही त्याच गठ्ठ्यात जाते.

मागण्या काढाव्यात. पुढची कादंबरी कोणावर लिहावी हे सुचवणे, स्वतःचे हस्तलिखित वाचायला पाठवणे, प्रस्तावना मागणे, मालिकेच्या हक्कांविषयी विचारणे या सर्वांसाठी वेगळे पत्र आणि वेगळी वेळ असते. दाद आणि मागणी एका पत्रात आली की दाद ही मागणीची प्रस्तावना ठरते.

"आमच्या घराण्यावर लिहा" ही विनंतीही याच प्रकारात मोडते. घरात मोडी कागद, सनद किंवा वंशावळ असेल आणि ती लेखकाच्या विषयाशी निगडित असेल, तर तसे एका वाक्यात वेगळ्या पत्राने कळवावे. मूळ कागद कोणत्याही परिस्थितीत टपालाने पाठवू नयेत आणि टिकावेत म्हणून लॅमिनेटही करू नयेत; लॅमिनेशन पुढे काढताना कागद फाटतो. स्वच्छ उजेडात छायाचित्र घ्यावे आणि लेखकाने मागितले तरच ते पाठवावे.

*इशारा:* कादंबरी कोणीतरी मोबाईलवर पाठवलेल्या पीडीएफमधून वाचली असेल तर पत्र लिहिण्यापूर्वी तिची प्रत विकत घ्यावी किंवा वाचनालयातून आणावी. भारतात लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. चोरीच्या प्रतीवरून लिहिलेल्या कौतुकाच्या पत्राने लेखक दुखावतो. आवडलेली पाने स्कॅन करून इतरांना पाठवणे ही दाद होत नाही.

टप्पा ६: स्वच्छ प्रत

हाताने लिहावे की टंकलिखित करावे, यावर फार विचार करू नये. अक्षर सहज वाचता येत असेल तर हाताने लिहावे, नसेल तर मोठ्या टंकात छापून खाली सही करावी. कागदाच्या एकाच बाजूला लिहावे. वर तारीख आणि आपला पत्ता घालावा, कारण लिफाफा फेकला जातो आणि लेखकाला उत्तर द्यायचे असूनही पत्ता उरत नाही. पाठवण्यापूर्वी एक छायाचित्र काढून ठेवावे.

ईमेल करायचा असेल तर विषयाच्या ओळीत कादंबरीचे नाव लिहावे, मजकूर थेट युनिकोड देवनागरीत टाइप करावा आणि सोबत काहीही जोडू नये. जुन्या टंकातील फाइल दुसऱ्या संगणकावर अनेकदा अगम्य खुणांच्या रूपात उघडते, तर हस्तलिखिताचे अंधुक छायाचित्र ज्येष्ठ लेखकांना वाचता येत नाही.

टप्पा ७: पत्ता मिळवणे

योग्य मार्ग एकच आहे, आणि तो प्रकाशकाचा. शीर्षकपानाच्या मागे प्रकाशकाचा पत्ता आणि दूरध्वनी असतो. पुस्तक जुने असेल तर पत्ता बदललेला असू शकतो, म्हणून कार्यालयात फोन करून "लेखकांसाठीचे वाचकांचे पत्र आपण पुढे पाठवता का?" असे विचारावे आणि कोणाच्या नावे पाठवायचे ते लिहून घ्यावे. लिफाफ्यावर आधी लेखकाचे नाव, खाली "द्वारा" आणि प्रकाशनाचे नाव, मग पत्ता आणि पिनकोड असा क्रम ठेवावा. डाव्या कोपऱ्यात "वाचकाचे पत्र" असे लिहिल्यास कार्यालयात ते बिलांच्या आणि हस्तलिखितांच्या टपालापासून वेगळे काढले जाते.

लेखकाच्या घरचा पत्ता ओळखीतून मिळाला तरी त्याच्या परवानगीशिवाय वापरू नये आणि दुसऱ्या कोणालाही देऊ नये. न कळवता घरी जाणे तर सर्वस्वी टाळावे.

टप्पा ८: टपाल

नेहमीच्या जाडीचा ए-फोर कागद सुमारे ५ ग्रॅमचा असतो. साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा आहे. दोन कागद आणि पातळ लिफाफा त्यात बसतात. तिसऱ्या कागदाने किंवा जाड लिफाफ्याने वजन सीमेवर जाते. तिकीट कमी पडले तर पत्र नॉटपेड होते आणि कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट पैसे घेणाऱ्याकडून वसूल होतात. लेखकाला कौतुकाचे पत्र दंड भरून घ्यावे लागू नये, म्हणून टपाल कार्यालयाच्या खिडकीवर वजन करून तेव्हाच्या दराप्रमाणे तिकीट लावावे.

प्रकाशकाच्या कार्यालयात पाठवताना मी स्पीड पोस्टची शिफारस करतो, कारण पत्र पोहोचले की नाही ते कळते. रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालेली आहे, त्यामुळे खिडकीवर जुन्या सवयीने तिचा आग्रह धरू नये. लेखकाने स्वतः घरचा पत्ता दिला असेल तर मात्र साधे टपालच बरे. ज्येष्ठ व्यक्तीला सहीसाठी दारापर्यंत यावे लागत नाही.

मुंबईच्या पावसाळ्यात लिफाफ्यावरचा पत्ता शाईच्या पेनाने लिहू नये, बॉलपेन वापरावे. पत्त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावली तर चालते, तिकिटावर लावू नये.

टप्पा ९: प्रत्यक्ष भेट झाल्यास

गिरगावचे साहित्य संघ मंदिर, प्रभादेवीचे रवींद्र नाट्य मंदिर, मंत्रालयाजवळचे यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठान, पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ अशा ठिकाणी प्रकाशन समारंभ आणि व्याख्याने होत असतात, आणि तिथे लेखक भेटतात. पत्र तिथे हातात द्यावे असे वाचकाला साहजिकच वाटते. माझे मत याविरुद्ध आहे. समारंभानंतर लेखकाच्या हातात शाल, पुष्पगुच्छ, नवी पुस्तके आणि आमंत्रणपत्रिका असतात. त्या ढिगात दिलेले पत्र सभागृहातच राहून जाते. पत्र टपालानेच पाठवावे आणि भेटीत त्यातील एकच वाक्य बोलावे.

स्वाक्षरीच्या रांगेत उभे राहण्यापूर्वी पुस्तक शीर्षकपानावर उघडून ठेवावे. आपले नाव लिहून हवे असेल तर ते चिठ्ठीवर स्पष्ट लिहून पानात घालावे, म्हणजे गोंगाटात तीनदा सांगावे लागत नाही. रांग मागे वाढत असताना आपला मुद्दा अर्ध्या मिनिटात संपवावा. "सर, अकराव्या प्रकरणातले ते भाकरीचे फडके मुलाच्या कमरेला दिसले, तेव्हा फार बरे वाटले" एवढे बोलले तरी लेखक मान वर करून आपल्याकडे पाहतो. छायाचित्र आधी विचारून काढावे.

प्रश्नोत्तरांच्या वेळी माईक हाती आला की अनेक श्रोते कादंबरीच्या काळावर स्वतःच भाषण करतात. प्रश्न आधी कागदावर लिहून ठेवावा आणि तो वाचूनच विचारावा.

टप्पा १०: पत्र गेल्यानंतर

प्रकाशकाकडची पत्रे लेखकाकडे एकत्र जातात, म्हणून उत्तराची काही महिने तरी वाट पाहावी. "पत्र मिळाले का?" असे विचारणारे दुसरे पत्र पाठवू नये. उत्तर न येण्याची कारणे वय, आजारपण, नव्या पुस्तकाचे काम अशी पुष्कळ असतात आणि त्यांपैकी एकाचाही आपल्या पत्राशी संबंध नसतो. उत्तर आले तर दोन ओळींची पोच द्यावी आणि तिथे थांबावे. लेखकाचे खासगी पत्र त्याच्या परवानगीशिवाय कोठेही छापू किंवा फिरवू नये.

लेखक हयात नसतील आणि कादंबरी आपल्या हाती आता आली असेल, तर तेच पत्र प्रकाशकाच्या पत्त्यावर लेखकाच्या कुटुंबीयांसाठी पाठवता येते. मुख्य परिच्छेद बदलायची गरज नाही. फक्त अभिवादन आणि प्रश्न बदलावा लागतो. पुस्तक बाजारात मिळत नसेल तर त्यासोबत प्रकाशकाला वेगळे पत्र लिहावे. त्यात आपण वाचलेल्या प्रतीची आवृत्ती आणि वर्ष, ती कोणत्या वाचनालयात मिळाली, दुकानांत कोठे कोठे चौकशी केली आणि नवी आवृत्ती निघाल्यास ती घेणाऱ्या वाचकांची नावे व सह्या, एवढा मजकूर असावा. पुनर्मुद्रणाचा निर्णय घेताना प्रकाशकाला किती प्रती खपतील याचा अंदाज लागतो, आणि वाचक मंडळाच्या किंवा वाचनालयाच्या शिक्क्यासह आलेली अशी यादी त्याला त्यासाठी वापरता येते.